ध्वज, धागा आणि हक्क

वऱ्हाळादेवीचे मंदिर आणि त्यालगतचा विस्तीर्ण तलाव ही भिवंडीतील कामतघरची पूर्वापार ओळख. त्या ओळखीला पुढे यंत्रमागांच्या अखंड खडखडाटाची जोड मिळाली. शेजारच्या पद्मनगरात तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर समाज स्थिरावला, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून कामगार आले आणि उभ्या-आडव्या धाग्यांवर हजारो कुटुंबांचे संसार चालू लागले. भिवंडीचे कापड देशभर जाते. तरीही एक कापड असे होते, की जे या मागांवर विणणे नियमाला मान्य नव्हते. ते कापड म्हणजे आपला राष्ट्रध्वज. राष्ट्रध्वज हाताने कातलेल्या आणि हाताने विणलेल्या खादीचाच असला पाहिजे, असा दंडक स्वातंत्र्यानंतर सात दशकांहून अधिक काळ पाळण्यात आला. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि यंत्रावर तयार झालेल्या तसेच पॉलिएस्टरच्या ध्वजालाही मान्यता मिळाली.

ही बाब वरवर पाहता कापडधंद्यातील एक तांत्रिक बदल वाटेल. परंतु ध्वज कोणी विणावा, तो कोणी फडकवावा आणि त्याला वंदन करण्याची सक्ती कोणावर करावी किंवा करू नये, हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांच्या उत्तरांत राजेशाहीपासून राज्यघटनेपर्यंतचा सारा प्रवास सामावलेला आहे. म्हणून या प्रवासाचे काही टप्पे वाचकांसमोर ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

राजाचे निशाण, जनतेचा ध्वज

पूर्वी निशाण हे राजाचे असे. भगवा झेंडा आणि जरीपटका ही मराठेशाहीची निशाणे होती. वसईच्या किल्ल्यावर पोर्तुगीजांचे निशाण दोन शतकांहून अधिक काळ होते. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला आणि ते उतरले. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यावर इंग्रजांचे युनियन जॅक चढले. सत्ता बदलली की किल्ल्यावरचे निशाण बदलत असे आणि खाली नांगर धरणाऱ्या वा माग चालविणाऱ्या रयतेला त्याविषयी कोणी विचारीत नसे.

निशाण राजाचे नसून जनतेचे आहे, हा विचार युरोपात ठळकपणे मांडला तो फ्रेंच राज्यक्रांतीने. १७८९ साली पॅरिस शहराचे निळा आणि लाल हे रंग व राजघराण्याचा पांढरा रंग एकत्र आले आणि त्यांतून फ्रान्सचा तिरंगा जन्मास आला. १८१४ साली राजेशाही परतली, तेव्हा हा तिरंगा उतरविण्यात आला आणि १८३० च्या क्रांतीने तो पुन्हा उभारला. पुढे १८७३ साली फ्रान्सचे सिंहासन शांबोरच्या सरदारापुढे जवळजवळ वाढून ठेवलेले होते. त्याने एकच हट्ट धरला, की तिरंगा जावा आणि आपल्या पूर्वजांचा पांढरा ध्वज परत यावा. देशाने तो हट्ट मान्य केला नाही आणि सिंहासन हातचे गेले. राजाला ध्वजाहून मुकुट हलका वाटला आणि प्रजेला राजाहून ध्वज मोलाचा वाटला, असा हा विलक्षण प्रसंग आहे. त्या राज्यक्रांतीच्या काळात फ्रान्समधील ख्रिस्तसभेने फार सोसले, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. हक्कांची घोषणा करणारा ध्वजही दुसऱ्याच्या श्रद्धेवर आघात करू शकतो, हा धडा त्याच इतिहासात आहे.

जर्मनीची कथाही अशीच बोलकी आहे. काळा, लाल आणि सोनेरी असा ध्वज घेऊन हजारो लोक १८३२ साली हांबाखच्या किल्ल्यावर जमले. एकसंध राष्ट्र आणि नागरिकांचे स्वातंत्र्य या त्यांच्या मागण्या होत्या. १९१९ च्या वायमार राज्यघटनेने हे रंग राष्ट्राचे म्हणून स्वीकारले. १९३३ साली नाझींनी सत्तेवर येताच ते काढून टाकले. १९४९ साली पश्चिम जर्मनीची नवी राज्यघटना आली, तेव्हा तेच रंग परत आले. हक्क गेले तेव्हा ध्वज गेला आणि हक्क परतले तेव्हा ध्वजही परतला.

बंदी घातलेला ध्वज

आपल्याकडे या कथेची सुरुवात मुंबईच्या एका पारशी स्त्रीपासून करावी लागेल. ऑगस्ट १९०७ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली होती. तेथे मादाम भिकाजी कामा यांनी हिंदुस्थानचा म्हणून एक ध्वज उभारला. हिरवा, केशरी आणि लाल असे तीन पट्टे, आठ कमळे, मध्यभागी देवनागरीत ‘वन्दे मातरम्’, आणि खाली सूर्य व चंद्रकोर असे त्याचे रूप होते. हा ध्वज पुढे इंदुलाल याज्ञिक यांनी भारतात आणला आणि पुण्याच्या केसरीवाड्यात तो जपून ठेवण्यात आला. त्या दिवशी त्या ध्वजामागे सैन्य नव्हते, सरकार नव्हते, एक इंच भूमीही नव्हती. परदेशातील एका सभागृहात एका स्त्रीने आपल्या देशाला स्वतःचे नाव आहे एवढेच त्या कापडाच्या द्वारे सांगितले होते.

दुसरा ध्वज आमच्या वाचकांना अधिक जवळचा वाटावा असा आहे. एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने होमरूल लीगची स्थापना झाली आणि तिचे अध्यक्षपद देण्यात आले ते जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा यांना. माझगावचे हे ईस्ट इंडियन कॅथॉलिक गृहस्थ बॅरिस्टर होते, कामगारांचे पुढारी होते आणि पुढे १९२५ साली मुंबईचे महापौर झाले. होमरूल चळवळीच्या ध्वजावर पाच लाल आणि चार हिरवे पट्टे होते, सप्तर्षींचे सात तारे होते आणि वरच्या एका कोपऱ्यात चक्क युनियन जॅकही होते. आजच्या वाचकाला ते खटकेल. परंतु त्या ध्वजाची मागणी राज्य उलथविण्याची नव्हती, तर साम्राज्यात राहून कायद्याने स्वराज्याचे हक्क मिळविण्याची होती. तरीही सरकारला तो सहन झाला नाही. कोईमतूरच्या मॅजिस्ट्रेटने त्याच्या वापरावर बंदी घातली. ज्या ध्वजावर स्वतः राज्यकर्त्यांचे निशाण होते, तोही हक्क मागू लागताच गुन्हेगार ठरला.

आजच्या तिरंग्याचा पूर्वज १९२१ साली बेझवाडा येथे पिंगळी वेंकय्या यांनी गांधीजींपुढे ठेवला. त्यात हिंदूंसाठी लाल आणि मुसलमानांसाठी हिरवा असे दोनच रंग होते. इतर धर्मीयांसाठी पांढरा पट्टा असावा आणि त्यावर चरखा असावा असे ठरले. म्हणजे आपण ख्रिस्ती लोक त्या काळी शीख, पारशी, ज्यू यांच्यासह त्या पांढऱ्या पट्ट्यात होतो. रंगांची अशी वाटणी टिकणारी नव्हती. शिखांनी तीस आक्षेप घेतला. १९३१ साली काँग्रेसने ध्वजाचे रूप नव्याने ठरविताना स्पष्ट सांगितले, की या रंगांना कोणताही जातीय वा धार्मिक अर्थ नाही; केशरी धैर्य व त्यागाचा, पांढरा सत्य व शांतीचा, हिरवा श्रद्धेचा व पराक्रमाचा. आम्हाला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. १९२१ साली ध्वजाचा एक पट्टा आपला होता. १९३१ पासून सगळा ध्वज आपला झाला.

याच ध्वजासाठी १९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. युरोपीय अधिकाऱ्यांची वस्ती असलेल्या सिव्हिल लाईन्स भागातून ध्वज घेऊन जाण्यास सरकारने मनाई केली. १ मेपासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींच्या तुकड्या रोज निघत आणि रोज अटक होई. बजाजांना तुरुंगात टाकल्यावर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली. दीड हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. अखेर १८ ऑगस्ट रोजी ध्वजासह मिरवणूक त्याच रस्त्याने गेली. सत्याग्रहींनी त्या रस्त्यावर कोणाचा ध्वज उतरविण्याचा हट्ट धरला नव्हता. आपला ध्वज हाती घेऊन सार्वजनिक रस्त्याने चालण्याचा हक्क एवढीच त्यांची मागणी होती.

विणकरांचे सोलापूर

कामतघरच्या मागावर बसणाऱ्या माणसाला सोलापूर परके नाही. तेही कापडाचे शहर. तेथेही गिरण्या, हातमाग आणि तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज. या गिरणगावाने ध्वजाच्या इतिहासात असे पान लिहिले, की त्याला महाराष्ट्रात तोड नाही.

६ एप्रिल १९३० रोजी, मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवशी, सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला. महिन्याभराने गांधीजींना अटक झाली आणि शहर खवळून उठले. ८ मे रोजी गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात कामास आला. जमावाच्या हातून हिंसाही घडली आणि पोलिसांचे प्राण गेले. ते लपविण्याचे कारण नाही. त्यानंतर काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नाही. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारण्यात आला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. नगरपालिकेवरचा ध्वज उतरविण्यात आला आणि राष्ट्रध्वज फडकविणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी देण्यात आले. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा आणि एक मुसलमान. काँग्रेसने रंगांचा धार्मिक अर्थ काढून टाकण्याचा निर्णय त्याच वर्षी पुढे ऑगस्टमध्ये घेतला. सोलापुरात त्या निर्णयावर जानेवारीतच प्राणांची मोहोर उमटली होती.

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात शाळकरी मुलांची मिरवणूक ध्वज घेऊन निघाली. शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. आणि स्वातंत्र्यानंतरही कोकणपट्टीच्या दक्षिणेस ही कथा संपलेली नव्हती. गोव्यात पोर्तुगीजांचे निशाण होतेच. त्रिस्ताँव द ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ साली गोवा काँग्रेस समिती स्थापन केली होती. १९४६ साली त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करून पोर्तुगालच्या तुरुंगात पाठविण्यात आले. कॅथॉलिक म्हणजे पोर्तुगीजधार्जिणा, असा जो सोयीस्कर समज पुष्कळांनी करून घेतला होता, त्याला कुन्हा यांचे जीवन हे उत्तर होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही तिरंगा घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले, तेव्हा पोर्तुगीज गोळीबारात वीसहून अधिक जण ठार झाले. पत्रादेवीच्या सीमेवर पडलेला कर्नैलसिंग हा पंजाबचा होता.

संविधान सभेतील तो दिवस

२३ जून १९४७ रोजी संविधान सभेने ध्वजासाठी समिती नेमली. डॉ. राजेंद्रप्रसाद तिचे अध्यक्ष होते. मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, कन्हैयालाल मुनशी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे सदस्यांपैकी होते. २२ जुलै रोजी पंडित नेहरूंनी ध्वजाचा ठराव मांडला. चरख्याच्या जागी सारनाथच्या स्तंभावरील चक्र आले. परंतु ठरावाच्या शब्दांत एक महत्त्वाची गोष्ट नमूद आहे, ती अशी, की हे निळे चक्र चरख्याचे प्रतिनिधित्व करील. म्हणजे अशोकाच्या धर्मचक्रामागे सूत कातणाऱ्या गरिबाचे चाक उभे आहे. सभागृहापुढे त्या दिवशी दोन ध्वज ठेवण्यात आले, एक रेशमी खादीचा आणि दुसरा सुती खादीचा.

त्या चर्चेत जयपालसिंग मुंडा यांनी आदिवासींच्या वतीने सांगितले, की ध्वज उभारणे आणि त्यासाठी लढणे हे आदिवासींना नवे नाही. त्यांच्या जत्रांत प्रत्येक गावाचा स्वतःचा ध्वज असतो. ते स्वतः ख्रिस्ती होते. संविधान सभेचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते आणि येशू संघाचे फादर जेरोम डिसोझा हे मद्रासमधून आलेले सदस्य होते. ख्रिस्ती समाजासाठी राखीव जागांचा आग्रह धरू नये आणि त्याऐवजी सर्वांना समान असे मूलभूत हक्क भक्कम असावेत, ही भूमिका या मंडळींनी घेतली. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा जो हक्क आपणांस मिळाला, त्यामागे हा विश्वास आहे.

१४ ऑगस्टच्या मध्यरात्री भारताच्या स्त्रियांच्या वतीने हंसा मेहता यांनी राष्ट्राला ध्वज अर्पण केला. मुंबईतून निवडून आलेल्या याच हंसाबेन संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावरही होत्या. १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असे शब्द होते. तेथे ‘सर्व मानव’ असा बदल झाला, त्याचे श्रेय मुख्यत्वे त्यांना दिले जाते. ज्या हातांनी ध्वज दिला त्याच हातांनी साऱ्या जगाच्या हक्कांच्या लेखातील एक शब्द दुरुस्त केला, याचा आपल्या मुलींना अभिमान वाटावा.

फडकविण्याचा हक्क, मौनाचाही हक्क

ज्या ध्वजासाठी माणसे तुरुंगात गेली, तो स्वतंत्र भारतात सामान्य नागरिकाला वर्षभर आपल्या घरावर लावता येत नसे, हे नव्या पिढीला खरे वाटणार नाही. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, गांधी जयंती अशा ठराविक दिवशीच ती मुभा होती. एरवी तो मान सरकारी इमारतींचा आणि उच्च पदस्थांचा होता. ध्वजाचा अवमान होऊ नये हा त्यामागील हेतू चांगला होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला, की जनतेचा ध्वज पुन्हा सरकारचे निशाण बनू लागला.

नवीन जिंदल या उद्योजकाने आपल्या कारखान्यावर ध्वज लावला, त्यास अधिकाऱ्यांनी हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९५ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू होऊन नागरिकांना सर्व दिवशी ध्वज फडकविण्याची मोकळीक मिळाली. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सन्मानपूर्वक राष्ट्रध्वज फडकविणे हा एकोणिसाव्या कलमातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. तो मूलभूत हक्क आहे, मात्र अनिर्बंध नाही. १९२३ साली नागपूरच्या रस्त्यावर जे मागितले, ते ८१ वर्षांनी न्यायालयाच्या निकालपत्रात हक्क म्हणून लिहिले गेले.

या निकालाच्या अगोदरचा एक निकाल आम्हाला तितकाच महत्त्वाचा वाटतो. केरळातील एका शाळेत यहोवाचे साक्षीदार या पंथाची तीन भावंडे शिकत होती. राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत, परंतु आपल्या श्रद्धेस अनुसरून गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढण्यात आले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. जो आदराने उभा आहे त्याने अपमान केला असे म्हणता येणार नाही, आणि त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सक्ती करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ जून १९४३ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, शाळकरी मुलांना ध्वजवंदनाची सक्ती करता येणार नाही असा निर्णय दिला होता. त्या पंथाच्या शिकवणुकीशी आपला मतभेद आहे आणि आपण राष्ट्रगीत मोठ्या प्रेमाने गातो. तरीही आपल्याहून लहान अशा त्या पंथाच्या मुलांचे मौन सुरक्षित राहिले, म्हणूनच आपली प्रार्थनाही सुरक्षित आहे. अल्पसंख्य समाजाने हे विसरता कामा नये.

मूळ राज्यघटनेत ध्वजासाठी स्वतंत्र कलम नव्हते. बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेल्या एक्कावन्न-अ कलमात नागरिकांची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांतील पहिल्या कर्तव्यात राज्यघटनेचे पालन आणि तिच्या आदर्शांचा व संस्थांचा आदर यांचा उल्लेख आधी आहे आणि ध्वज व राष्ट्रगीताचा नंतर. हा क्रम आम्हाला अर्थपूर्ण वाटतो. राज्यघटना पायदळी तुडवून ध्वज उंच धरणे ही ध्वजाची सेवा नव्हे.

भिवंडीने पाहिलेले झेंडे

ध्वजाचा हा सारा गौरव सांगताना भिवंडीच्या माणसाला दुसरीही आठवण टाळता येत नाही. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर या शहरात भीषण दंगल उसळली. त्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाच्या अहवालात, मिरवणुकीत लाठ्यांना झेंडे बांधून आणण्यात आले होते, याची नोंद आहे. मे १९८४ मध्ये पुन्हा दंगल पेटली, तेव्हाही त्यामागे झेंड्यांवरून निर्माण झालेला तणाव होता. झेंड्याची काठी आणि मारायची लाठी यांत अंतर किती थोडे असते, हे या गावाने रक्त सांडून शिकले.

पण गाव खरोखरच शिकले. १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला कमिट्या उभारल्या. निरनिराळ्या धर्मांचे शेजारी आणि पोलीस एकत्र बसू लागले, लहानसहान तक्रारी वेळीच मिटू लागल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना, जिच्याविषयी सर्वांना धास्ती होती ती भिवंडी शांत राहिली. ते यश कोणत्याही झेंड्याचे नव्हते. परंतु १९३१ च्या ठरावात पांढऱ्या रंगाचा जो अर्थ सांगितला आहे, तो त्या हिवाळ्यात भिवंडीच्या गल्ल्यांत प्रत्यक्ष दिसला, असे आम्ही म्हणू.

धाग्याचा हिशेब

आता कामतघरच्या मागाकडे वळू. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २०२२ च्या ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगा लावण्याची मोहीम झाली आणि यंत्रावरच्या कापडाचे ध्वज देशभर लागले. हुबळीजवळील बेंगेरी येथे प्रमाणित राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या खादी संस्थेने आणि तिच्यासारख्या इतर संस्थांनी या दुरुस्तीस विरोध केला. त्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्यासारखे नाही. खादीचा ध्वज म्हणजे खेड्यातील सूत कातणाऱ्या आणि विणणाऱ्या स्त्रियांची रोजी होती, आणि चक्र चरख्याचे प्रतीक आहे असे ठरावच सांगतो. दुसऱ्या बाजूने यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार विचारू शकतो, की माझे श्रम काय परकीय आहेत? माझ्या धोट्याने ओढलेला धागा राष्ट्रध्वजात का चालू नये?

आमच्या मते या दोघांत भांडण लावण्याचे कारण नाही. गांधीजींनी चरखा ध्वजावर ठेवला तो लाकडाच्या चाकासाठी नव्हे, तर ज्याचे श्रम कोणी मोजत नाही अशा माणसाला ध्वजाच्या मध्यभागी जागा मिळावी म्हणून. त्या माणसाचे आजचे पत्ते अनेक आहेत. गरगच्या हातमागावरची विणकर स्त्री जशी त्यांत येते, तसाच भिवंडीच्या कारखान्यातच झोपणारा परप्रांतीय कामगारही येतो. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले तेव्हा हेच कामगार मुंबई–नाशिक महामार्गाने पोराबाळांसह पायी गावाकडे निघाले होते. राज्यघटनेचे त्रेचाळिसावे कलम निर्वाह वेतनाची आणि माणसाला साजेशा जीवनमानाची दिशा राज्याला दाखविते. ते कलम त्या महामार्गावर कोठे होते, हा प्रश्न ध्वजाला वंदन करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःस विचारण्यासारखा आहे. ध्वजाचे कापड खादीचे की पॉलिएस्टरचे, याचा निर्णय संहिता करील. ते विणणाऱ्याला न्याय मिळाला की नाही, याचा हिशेब मात्र समाजाने द्यावयाचा आहे.

१५ ऑगस्ट हा आपणांस दुहेरी सणाचा दिवस. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा आटोपून आपल्या धर्मग्रामांत मंडळी मंदिराच्या आवारात जमतात आणि ध्वजवंदन होते. लहान मुलांच्या हाती कागदी झेंडे असतात. त्या मुलांना केवळ रंगांचे अर्थ पाठ करून घेऊ नयेत. या ध्वजावर कधी बंदी होती, सोलापूरचे चौघे कोणकोणत्या समाजांतले होते, तीन मुलांच्या मौनाचे रक्षण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने कसे केले, आणि हा ध्वज विणणाऱ्या हातांना किती मजुरी मिळते, हेही त्यांना सांगावे. जे मूल हे जाणून ध्वजाकडे मान वर करून पाहील, त्याच्या हाती तो ध्वज सुरक्षित राहील, आणि त्याच्या शेजाऱ्याच्या हातीही.